तुटून वर्ष झालं तरी ‘चूक कुणाची’ हे भांडण पुन्हा पुन्हा उभं राहतं: कारण आणि उपाय

तक्रार साधारण अशी असते. प्रेमाचं नातं तुटलं, आणि तेही वाईट बोलून, एकमेकांच्या घरच्यांना मध्ये ओढून तुटलं. दोन-तीन महिने शांततेत जातात. मग एका रात्री मेसेज येतो, ‘एकच विचारायचंय’. अकराला सुरू झालेलं बोलणं दोन वाजेपर्यंत ‘तुझ्यामुळेच झालं सगळं’वर येतं. ब्लॉक. काही आठवड्यांनी अनब्लॉक. परत तेच मुद्दे, त्याच क्रमाने. घरात अहिराणी असेल तर राग चढल्यावर प्रमाण मराठी गळून पडते आणि ‘तुन्हामुये’ सुरू होतं, एवढाच काय तो फरक.

तुटल्यानंतर एखादं मोठं भांडण होतंच, त्याला उपाय लागत नाही. हे लिहिलंय ते ज्यांच्याकडे तो प्रकार ठरल्यासारखा परत येतो त्यांच्यासाठी.

आधी हे तपासा

नात्यात किंवा तुटल्यावर मारहाण झाली आहे का? फोटो व्हायरल करण्याची धमकी, क्लासबाहेर उभं राहणं, पाठलाग, पैसे उकळणं, ‘जिवाचं काही करून घेईन’ म्हणून अडकवून ठेवणं, यातलं काही चालू आहे का? असेल तर खालचं सगळं सोडा. तो वाटून घ्यायच्या दोषाचा विषय नाही. आपल्याकडे गावातली चार मोठी माणसं बसली की ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असं म्हणून विषय मिटवतात. थप्पड मात्र एकाच हाताने मारली जाते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट केल्यावरही पुरुषाने तिच्याशी वारंवार संपर्क साधत राहणं, पाठलाग करणं किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. संमतीशिवाय खासगी अवयवांचे फोटो काढणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई मध्ये येतं, आणि हे कलम मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतं. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, चॅट उडवू नका. तातडीला ११२, महिलांसाठी १८१.

यातलं काहीच नसेल, दोघंही साधी माणसं असतील आणि दोघांनीही एकमेकांचं वाटोळं केलं असेल, तर पुढे वाचा.

बिघाड कोणत्या तारखांना होतो?

बहुतेक लोक सांगतात, ‘मधूनच अचानक होतं’. अचानक होत नाही. फोनमधल्या जुन्या चॅटच्या तारखा काढा आणि कालनिर्णयाशेजारी ठेवून बघा. खान्देशात बहुतेक वेळा त्या आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या), श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाच्या, दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आसपास सापडतील. सुट्टीत सगळे गावी येतात, जुन्या रस्त्यांवर दिसतात, हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याकडची वचनं सणांच्या तारखांवर दिलेली असतात.

एक उदाहरण घेऊ, मनाने रचलेलं. ती अमळनेरची, तो धरणगावचा. कॉलेज जळगावला, जाणं-येणं सुरत-भुसावळ लाईनच्या पॅसेंजरने, म्हणजे अर्धं प्रेम डब्यातच झालं. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला, ती घरी राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू लागली. जात वेगळी. घरी सांगायचं काम त्याने अंगावर घेतलं. म्हणाला, ‘आखाजीला गावी येतो, तेव्हा सांगतो.’ आखाजीला बहिणी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, घरात आमरस-पुरणपोळीची गर्दी, वडील पारावर पत्त्यांच्या डावात. बोलायला जागाच मिळाली नाही. मग कानबाईला सांगतो. कानबाईच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, तिथे कुठे हा विषय काढणार? मग दिवाळीला. तुळशीचं लग्न लागलं आणि तिच्या घरी बघायला पाहुणे यायला लागले. पहिल्या पाहुण्यांचं तिने त्याला सांगितलं. दुसऱ्यांचं सांगितलं नाही. त्याला ते तिच्या मावसभावाकडून कळलं, आणि त्याने त्याच रात्री तिच्या मोठ्या भावाला फोन लावून चार वर्षांचं सगळं ओकून टाकलं. तिच्या घरात काय झालं असेल ते सांगायला नको. तिनेही मग त्याचे जुने हळवे मेसेज, रडके व्हॉइस नोट त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकून दिले.

आता चूक कुणाची?

तिला विचारा, गोष्ट आखाजीपासून सुरू होते. ‘तीन सण मी वाट बघितली.’ त्याला विचारा, गोष्ट दुसऱ्या पाहुण्यांपासून सुरू होते. ‘माझ्यापासून लपवून साडी नेसून बसली.’ दोघंही खोटं बोलत नाहीत. पुढची आखाजी आली की तिला पहिलं वचन आठवतं, मार्गशीर्षात लग्नपत्रिका फिरायला लागल्या की त्याला ते पाहुणे आठवतात. भांडण कोण सुरू करणार हेसुद्धा महिन्यावरून सांगता येईल.

मूळ दोष कुठे आहे

संवादाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्येच हे मांडून ठेवलं आहे. नवरा गप्प बसतो म्हणून बायको टोचून बोलते, आणि बायको टोचून बोलते म्हणून नवरा गप्प बसतो. साखळी एकच असते. दोघं ती वेगवेगळ्या कडीपासून मोजायला लागतात आणि प्रत्येकाला स्वतःचं वागणं हे उत्तर वाटतं, समोरच्याचं वागणं सुरुवात. ‘सुरुवात कुणी केली’ यावर मग कितीही रात्री घालवा, निकाल लागत नाही, कारण सुरुवातीची जागाच दोघांची वेगळी आहे.

याच्या जोडीला आठवणीची गंमत आहे. १९९० मध्ये रॉय बाउमायस्टर, आर्लीन स्टिलवेल आणि सारा वॉटमन यांनी लोकांकडून दोन-दोन प्रसंग लिहून घेतले. एक, तुम्ही कुणाला तरी राग आणलात तो. दुसरा, कुणीतरी तुम्हाला राग आणला तो. माणसं तीच. पण राग आणणारा म्हणून लिहिताना प्रसंग सुटा होता, त्याला समजण्यासारखं कारण होतं आणि तो कधीच संपलेला होता. दुखावलेला म्हणून लिहिताना तोच प्रकार मागच्या सगळ्या अपमानांच्या माळेत ओवला गेला आणि त्याचा त्रास अजून चालू होता. म्हणजे त्याच्या डोक्यात भावाला केलेला फोन ही ‘एका रात्रीची रागाची गोष्ट’, आणि तिच्या डोक्यात तो फोन आजही चालू आहे. तिने ग्रुपवर टाकलेल्या व्हॉइस नोटचंही तसंच, फक्त माणसं उलटी.

आणि माणसं काय करतात? प्रत्येक वेळी ‘आता नीट बोलून मिटवू’ म्हणून पुन्हा फोन लावतात. केळीच्या बागेतल्या मोटारीचा स्टार्टर ट्रिप होत असताना, केबल कुठे जळली ते न बघता बटण दाबत राहण्यासारखं आहे ते. बोलण्याने हे मिटेल असं वाटणं हाच मुळात बिघाडाचा भाग आहे. तुम्हाला निकाल हवा आहे, आणि निकाल द्यायला तुम्ही ज्याला बसवलंय तो दुसरा आरोपी आहे.

पन्नास-पन्नास करून बघितलं, टिकलं नाही

हा सर्वांत लोकप्रिय उपाय आणि सर्वांत कुचकामी. पहाटे दोनला दोघंही दमलेले असतात, कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे, दोघांचीही चूक होती.’ दुसरं म्हणतं, ‘हो.’ झोप लागते. आठ दिवसांत मनात सुरू होतं: दोघांची कशी काय? माझी फार तर वीस टक्के.

यालाही आधार आहे. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून घरातल्या गोष्टींत आपला वाटा किती ते विचारलं. दोघांच्या आकड्यांची बेरीज बहुतेक गोष्टींत पूर्णापेक्षा जास्त भरली, कारण प्रत्येकाला स्वतः केलेलं जास्त सहज आठवतं. आपण किती सोसलं, किती वेळा पडतं घेतलं, ते आपल्यालाच ठाऊक असतं. दुसऱ्याने मनातल्या मनात घेतलेली माघार आपल्या आठवणीत कुठून येणार?

माझं म्हणणं असं की टक्क्यांचा हिशेबच चुकीच्या जागी लावला आहे. दोष ही काही वडिलोपार्जित जमीन नाही, की शंभर गुंठे आहेत आणि त्याच्याकडे जास्त गेले तर माझ्याकडे कमी राहतील. तीन सण घरी न सांगणं हे पूर्ण त्याचं. भावाला फोन करणं पूर्ण त्याचं. पाहुणे लपवणं पूर्ण तिचं. खासगी आवाज ग्रुपवर टाकणं पूर्ण तिचं. तिने लपवलं म्हणून त्याचा फोन अर्धा होत नाही, आणि त्याने फोन केला म्हणून तिची ग्रुपवरची कृती माफ होत नाही. असं एकेक कृत्य सुटं केलं की भांडायला मुद्दा फार कमी उरतो. ‘नातं कुणामुळे तुटलं’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘हे कुणी केलं’ याला प्रत्येक वेळी उत्तर आहे, आणि ते दोघांनाही माहीत असतं.

उपाय: स्वतःची यादी

वही घ्या, फोन नको. फोनमध्ये लिहिलेलं पाठवलं जातं.

वर लिहा, ‘मी काय केलं’. खाली फक्त कृत्यं, प्रत्येक वाक्यात कर्ता ‘मी’. ‘मी कानबाईला सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही.’ ‘मी दुसरे पाहुणे आले ते लपवलं.’ ‘कारण’, ‘पण’ आणि ‘तरीही’ हे तीन शब्द या पानावर बंद. ‘मी जास्तच प्रेम केलं’, ‘मी नको तितका विश्वास ठेवला’ असली वाक्यं खोडा. ती कबुलीच्या कपड्यातल्या तक्रारी आहेत आणि पहिल्या मसुद्यात त्या हमखास घुसतात.

मग प्रत्येक ओळीपुढे लिहा, ते करताना मला काय माहीत होतं. हा भाग जड जातो आणि खरा उपयोग इथेच होतो. त्याला आखाजीला माहीत होतं का, की आपण दिवाळीलाही सांगणार नाही? प्रामाणिकपणे बघितलं तर बहुधा थोडंफार माहीत असतं. तिला माहीत होतं का, की लपवलेलं मावसभावाकडून जाईलच? माहीत असून केलेलं आणि न कळता झालेलं यात फरक आहे, आणि तो फरक दुसरं कुणी तुम्हाला सांगू शकत नाही. रात्री दोन वाजता तुम्ही जे समोरच्याकडून वदवून घ्यायला बघता, त्यातलं बरंचसं या रकान्यात असतं.

दुसरं पान वेगळं. त्यावर ते लिहा जे दोघांपैकी कुणीच केलेलं नाही. जात. मोठ्या बहिणीचं लग्न राहिलंय म्हणून धाकट्याने तोंड उघडायचं नाही हा घरचा नियम. पुणे आणि अमळनेर यातलं अंतर. परीक्षेची तारीख पुढे ढकलली गेली आणि तिचं ‘पास झाले की बोलेन’ हे शस्त्रच गेलं, ते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रात्रभर न झोपलेले आईवडील. हे पान बहुतेकांकडे कोरंच असतं, कारण परिस्थितीवर ओरडता येत नाही. समोरच्या माणसावर येतं. तुमच्या भांडणात एकमेकांच्या नावावर टाकलेलं बरंच सामान खरं तर या पानावरचं निघेल. मात्र पहिल्या पानावरची ओळ उचलून इथे आणू नका. जात दोघांनी निर्माण केली नाही, पण जातीमुळे घरी सांगायची भीती वाटते हे एकमेकांना मोकळेपणाने न सांगणं, ते पहिल्या पानावरचंच.

तिसरं पान, ‘त्याने/तिने काय केलं’, हे लिहूच नका. ते तुम्हाला पाठ आहे.

यादी पाठवायची नाही. लोक इथेच घात करतात. मध्यरात्री फोटो काढून पाठवतात, ‘बघ, मी माझ्या चुका लिहिल्या, आता तू लिही.’ झालं, ती यादी राहिली नाही, उधारीचं बिल झालं.

माफी मागायची असेल तर एकदा, दिवसा, चार ओळींत. उदाहरणार्थ: ‘त्या रात्री मी तुझ्या भावाला फोन केला. तुला घरात काय भोगावं लागेल ते मला कळत होतं, तरी केला. ते चुकलं. उत्तर द्यायची गरज नाही.’ यात प्रश्न नाही, आठवणी नाहीत, ‘तू पण’ नाही. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा मागायची नाही. समोरच्याने आधीच ‘संपर्क नको’ सांगितलं असेल तर ही चार ओळींचीही माफी वहीतच ठेवा.

बारीकसारीक वायरी

व्हॉट्सॲप ब्लॉक केलं की झालं असं समजू नका. आजकाल लोक पेमेंट ॲपवरून एक रुपया पाठवून खाली निरोप लिहितात. तिथेही माणसाला ब्लॉक करता येतं. फोटोंचा सामायिक अल्बम, चालू राहिलेलं लोकेशन शेअरिंग, एकाच पासवर्डवर चाललेलं ओटीटी, सगळं बघा. मैत्रिणीच्या अकाउंटवरून स्टोरी बघणं हेही बघणंच आहे. टारा मार्शल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तुटल्यावरही जुन्या जोडीदाराच्या फेसबुक पानावर नजर ठेवणाऱ्यांत त्रास जास्त आणि सावरणं कमी दिसलं. त्रास आहे म्हणून बघतात की बघतात म्हणून त्रास, हे त्यावरून ठरत नाही. दोन्ही असेल.

पैसे आणि वस्तू एकदाच, एकाच माणसाच्या हातून. क्लासच्या फीसाठी घेतलेले पैसे असतील तर खात्यावर टाका, खाली संदेश न लिहिता. कपडे परत देण्यासाठी ‘शेवटचं एकदा भेटू’ हा प्रस्ताव मेहरूण तलावाच्या काठावर कितीही साधा वाटला तरी नाकारा.

मधली माणसं हा मात्र मोठा विषय आहे. आपल्याकडे प्रेम दोघांचं नसतं, त्यात एक जिगरी मित्र, एक चुलतबहीण आणि एखादी सगळं माहीत असलेली वहिनी असतेच. नातं तुटलं तरी त्यांचं काम चालू राहतं: ‘काल दिसली होती स्टँडवर, बारीक झालीये.’ ‘त्याने तुझा विषय काढला होता.’ हे लोक वाईट नसतात. त्यांनाही ही गोष्ट संपवायची नसते, इतकंच. त्यांना नीट सांगा, ‘भाऊ, चांगली असो की वाईट, तिची बातमी मला आणू नको. माझीही तिकडे नेऊ नको.’ एकदा सांगून ऐकणार नाहीत. दोन-तीनदा बातमी अर्ध्यात थांबवावी लागेल, तेव्हा कळेल. आणि त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः पहिल्या दिवशी जे काही बरळलात, ते दुरुस्त करायची संधी घ्या. ‘ती तशीच होती’ म्हणाला असाल तर ‘मी रागात बोललो, तसं नव्हतं’ एवढं सांगा. छोट्या गावात मुलीच्या नावावर पडलेला शब्द तिच्या स्थळांपर्यंत पोचतो. ही भरपाई समोरच्याशी न बोलता करता येणाऱ्या फार थोड्या गोष्टींपैकी आहे.

कुणाच्या लग्नात समोरासमोर येणार असाल तर हळदीला जायचं टाळा, लग्नाला जा, ‘काय, बरंय?’ म्हणा आणि पंगतीला लांब बसा.

सगळं करूनही परत मेसेज आला

‘एकच विचारायचंय’ला एकच उत्तर: ‘त्या विषयावर मी आता बोलणार नाही. तुझं चांगलं होवो.’ यापुढे काहीही आलं तरी उत्तर नाही. ‘म्हणजे तुला चूक मान्य नाही तर’ हे पुढचं वाक्य जवळजवळ नक्की येईल. तेच आमिष आहे. तुमची चूक तुम्हाला मान्य आहे की नाही ते वहीत लिहिलेलं आहे.

मेसेज तुम्हीच करत असाल तर मेसेज न करण्याच्या तारखा आधीच ठरवा. आखाजीच्या आदल्या रात्री फोन भावाकडे द्या, कारण विचारलं तर सांगा. लाज वाटेल. रात्री दोनला जे लिहिता त्यापेक्षा कमी वाटेल.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामावर लक्ष नसेल आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर हा आता दोघांच्या भांडणाचा प्रश्न राहिलेला नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वाट न बघता कुणालातरी जवळ बोलवा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. सेवा सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

नवीन माणसाने विचारलं तर

पुढे लग्न ठरतं, किंवा नवीन कुणी आयुष्यात येतं, आणि एक दिवस प्रश्न येतो: ‘आधीचं का तुटलं?’ इथे जुनं भांडण नव्या घरात शिरतं, त्यामुळे उत्तर आधीच तयार ठेवलेलं बरं. पहिल्या पानावरच्या दोन-तीन ओळी सांगा. ‘मी घरी सांगतो म्हणालो आणि वर्षभर सांगितलं नाही. नंतर रागात तिच्या भावाला फोन केला.’ तिने काय केलं ते सांगायची गरज बहुधा पडत नाही. विचारलंच, तर एका वाक्यात, विशेषण न लावता. नाव, गाव, फोटो काही नाही. ऐकणारा माणूस यावर पुढचा प्रश्न विचारेल: ‘मग आपलं तू घरी कधी सांगणार?’ त्याला सणाचं नाव सांगू नका. वार सांगा.